सूत्रे उरली, लीळा हरवल्या

देशाची अणुवीजनिर्मितीची क्षमता २०४७पर्यंत १०० गिगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. आज ही क्षमता नऊ गिगावॉटच्या आसपास घोटाळते आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने 'शांती' या संक्षेपाने ओळखला जाणारा कायदा संमत केला, १९६२चा अणुऊर्जा कायदा रद्द केला आणि खासगी उद्योगांना या क्षेत्राचे दार उघडून दिले. या दोन्ही घटनांवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. भांडवल कोठून येणार, अपघाताचे दायित्व कोणाचे, जमीन कोणाची जाणार, हे सारे प्रश्न रास्तच आहेत. परंतु या गदारोळात एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही. अणुभट्टी उभारण्याचे, चालवण्याचे आणि बिघडली तर सावरण्याचे ज्ञान आज नेमके कोणापाशी आहे, आणि ते उद्या कोणापाशी असणार आहे?

हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी का विचारावा, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखाचा सारा आटापिटा तेवढ्यासाठीच आहे. माझे म्हणणे असे की ज्ञान जपणे म्हणजे काय, याविषयी अणुऊर्जेच्या क्षेत्रात एक ढोबळ आणि घातक गैरसमज रूढ झाला आहे. तो गैरसमज ओळखण्याची साधने अभियांत्रिकीच्या शाखांपेक्षा आपल्या मराठीच्या वर्गात अधिक आहेत. ती आपण वापरत नाही, हा आपला आळस आहे.

तो गैरसमज थोडक्यात असा: ज्ञान म्हणजे माहिती, माहिती म्हणजे मजकूर, आणि मजकूर नीट साठवला की ज्ञान टिकले. 'ज्ञान-व्यवस्थापन' नावाची एक स्वतंत्र विद्याच या समजुतीवर उभी आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००२ सालापासून या विषयावर ठराव केले, २००४ मध्ये फ्रान्समधील सॅक्ले येथे परिषद भरवली. अणुविज्ञानाच्या साहित्याचा तिचा संग्रह तर १९७०पासून चालू आहे. या प्रयत्नांमागची चिंता खरी आहे. साठ-सत्तरच्या दशकांत या क्षेत्रात आलेली पिढी एकगठ्ठा निवृत्त झाली आणि मागे पोकळी राहिली. परंतु कार्यालयांच्या पातळीवर या चिंतेचे रूपांतर बहुधा एका ठरीव विधीत होते. निवृत्त होणाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची, त्याच्या फायली स्कॅन करायच्या, अहवालांना क्रमांक द्यायचे आणि संगणकातले एक कपाट भरून टाकायचे. पुढे त्याला निरोपाचा नारळ द्यायचा आणि ज्ञान मागे राहिले असे समजायचे.

ते राहत नाही. याचा सर्वांत महागडा पुरावा फ्रान्सने दिला आहे. १९७४च्या मेस्मेर योजनेनंतर पंचवीसएक वर्षांत त्या देशाने पन्नासहून अधिक अणुभट्ट्या उभ्या केल्या. जगात दुसऱ्या कोणत्याही देशाने आपल्या आकाराच्या मानाने एवढा पल्ला गाठलेला नाही. त्या मालिकेतली शेवटची भट्टी सिव्हो येथील. तिचे बांधकाम १९९१ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या भट्टीचे काम फ्लामांव्हिल येथे सुरू व्हायला २००७चा डिसेंबर उजाडला. मधल्या सोळा वर्षांत नकाशे जळाले नव्हते, गणिते पुसली गेली नव्हती, संस्था बुडाल्या नव्हत्या. सारे कागद जागच्या जागी होते. तरीही २०१२ मध्ये पूर्ण व्हायची ही भट्टी विजेच्या जाळ्याला जोडली गेली ती २१ डिसेंबर २०२४ रोजी. ३.३ अब्ज युरोंचा मूळ अंदाज कंपनीच्याच हिशेबाने १३.२ अब्जांवर गेला. मुख्य वाफवाहिन्यांचे जोड अपेक्षित दर्जाचे नव्हते. ते पुन्हा करावे लागले, आणि त्यांतले काही तर अशा अडचणीच्या जागी होते की तिथे पोहोचणे हाच एक स्वतंत्र प्रकल्प होऊन बसला. ज्याँ-मार्तीन फोल्झ यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये या प्रकरणाचा अहवाल दिला. त्यात त्यांनी अनेक कारणांबरोबर एक कारण स्पष्ट शब्दांत नोंदवले: कौशल्याचा सर्वदूर झालेला ऱ्हास. २०२२ मध्ये जुन्या भट्ट्यांच्या नळ्यांना तडे आढळले तेव्हा दुरुस्तीसाठी अमेरिका-कॅनडातून शंभरेक वेल्डर आणि फिटर आणावे लागले. ज्या देशाने जगाला अणुवीज शिकवण्याचा दावा केला, त्याच्यापाशी जोड करणारे हात पुरेसे नव्हते!

आता याच्या शेजारी चीनमधील ताइशानचे उदाहरण ठेवून पाहावे. भट्टी त्याच जातीची. काम सुरू झाले फ्लामांव्हिलनंतर, २००९ मध्ये. उशीर तिथेही झाला. पण पहिली भट्टी २०१८च्या डिसेंबरात आणि दुसरी २०१९च्या सप्टेंबरात व्यापारी तत्त्वावर चालू झाली. दोन्ही ठिकाणच्या परिस्थितीत इतर फरक होते, हे मान्य. मजुरी वेगळी, नियामकाची पद्धत वेगळी. पण एक फरक नजरेआड करता येत नाही. चीनमधले कारागीर त्या काळात एकामागून एक भट्टी बांधत होते. फ्रान्समधल्या कारागिरांचा हात सोळा वर्षे थांबलेला होता, आणि हात थांबला की हातातले जाते.

महाराष्ट्राला या गोष्टीशी थेट कर्तव्य आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरच्या परिसरात, माडबनच्या सड्यावर, ज्या सहा भट्ट्या उभारायचे घाटते आहे, त्या याच फ्रेंच जातीच्या, प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या. डिसेंबर २०१०च्या प्राथमिक कराराला दीड दशक उलटून गेले, तिथे भट्टी उभी राहिलेली नाही. त्या प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात मासेमारीचा, भूकंपाचा, विस्थापनाचा मुद्दा मांडला गेला आणि तो मांडायलाच हवा होता. पण विकणाऱ्याच्या स्वतःच्या घरी ही विद्या किती उरली आहे, हा प्रश्न आपल्याकडच्या समर्थकांनीही विचारला नाही आणि विरोधकांनीही क्वचितच विचारला. विद्या ही पेटीत घालून बोटीने पाठवण्याची वस्तू आहे, या समजुतीवर दोन्ही पक्षांचे आश्चर्यकारक एकमत आहे.

कागदाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. नोंदी नसत्या तर मग सगळेच हरवले असते. प्रश्न एवढाच की कागदावर काय उतरते आणि काय उतरत नाही. मायकेल पोलान्यी या रसायनज्ञ-तत्त्वज्ञाने अव्यक्त ज्ञानाची कल्पना मांडली. माणूस जे जाणतो ते सगळे त्याला सांगता येत नाही, हा तिचा गाभा. तिचे एक जवळजवळ विनोदी उदाहरण अणुऊर्जेच्या नव्हे, पण तिच्या सख्ख्या भावंडाच्या, अण्वस्त्रांच्या क्षेत्रात घडले. अमेरिकेतील ओक रिज येथे 'फॉगबँक' या सांकेतिक नावाचा एक पदार्थ १९८९पर्यंत तयार होत असे. पुढे तो पुन्हा हवा झाला तेव्हा कारखाना मोडलेला, माणसे निवृत्त झालेली आणि कृतीच्या नोंदी अपुऱ्या. २००९च्या सरकारी लेखापरीक्षण अहवालात हे सारे नमूद आहे. परंतु खरी मौज पुढेच आहे. कृती परिश्रमाने पुन्हा जुळवली तरी पदार्थ जमेना. शेवटी उमगले की जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असे आणि तीच आवश्यक होती. नव्या, अधिक शुद्ध प्रक्रियेने ती काढून टाकली होती. मूळ कारागिरांनाही हे ठाऊक नव्हते! ते ज्याच्या बळावर यशस्वी होत होते ते त्यांनाच माहीत नव्हते, तर त्यांच्या निवृत्तीपूर्व मुलाखतीत ते कसे सापडावे? डोनल्ड मॅकेन्झी आणि ग्रॅहम स्पिनार्डी या समाजशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच प्रतिपादन केले होते की अण्वस्त्रांची विद्यासुद्धा वापराअभावी विस्मृतीत जाऊ शकते. ते भाकीत इतक्या लवकर आणि इतक्या हास्यास्पद रीतीने खरे ठरेल, असे त्यांनाही वाटले नसेल.

इथे आपल्या वर्गातली साधने कामी येतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथापुढे नेमका हाच प्रश्न उभा होता. चक्रधर गेले होते. त्यांना पाहिलेली, ऐकलेली माणसे विखुरली होती, वृद्ध होत होती. म्हाइंभटाने काय केले? नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली तो गावोगाव हिंडला. नामांकित शिष्यांबरोबरच साध्या माणसांना, स्त्रियांना त्याने विचारले. काय घडले, कोठे घडले, समोर कोण होते, कशावरून तो विषय निघाला, हे सारे त्याने टिपले. 'लीळाचरित्रा'तली लीळा अशी प्रसंगासकट येते. एकाच घटनेविषयी दोघांची आठवण वेगळी असेल तर एक खरी आणि एक खोटी ठरवून मोकळे होण्याऐवजी ही परंपरा दोन्ही नोंदवते. सांगणाऱ्याच्या नावाने पाठभेद, म्हणजे 'वासना', जपते. परंपरा असेही सांगते की मूळ प्रत पुढे आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला तो हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून. म्हणजे कागद हरवला तरी विद्या उरली, कारण ती माणसांत रुजलेली होती.

याच्या पुढची पायरी आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. केसोबासांनी लीळांमधून चक्रधरांची वचने वेगळी काढली आणि 'सूत्रपाठ' तयार केला. सूत्रे आटोपशीर होती, पाठांतराला सोपी होती. पण प्रसंगापासून तोडलेले वचन काही काळाने मुके होते. ते कोणाला उद्देशून होते? सर्वांसाठी होते की एका माणसाच्या एका वेळच्या चुकीसाठी? म्हणून मग 'प्रकरणवश' लिहावे लागले. कोणते सूत्र कोणत्या प्रकरणात निघाले ते सांगणारा हा स्वतंत्र ग्रंथ. सातशे वर्षांपूर्वीच्या या माणसांना कळले होते की सूत्र टिकवायचे तर लीळा टिकवावी लागते.

अणुवीज केंद्रातील कार्यपद्धतीच्या पुस्तिका हा आजचा सूत्रपाठ आहे. अमुक झडप उघडण्यापूर्वी तमुक दाब पाहा. या दोन केबली एका मार्गाने नेऊ नका. प्रत्येक सूत्रामागे एक लीळा आहे आणि ती बहुधा अपघाताची आहे. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी केंद्रात भिंतीतून हवा गळते का ते पाहण्यासाठी एका कामगाराने मेणबत्ती धरली. ज्योत फटीतल्या फेसाला लागली, केबली पेटल्या, आणि एकमेकींना पर्याय म्हणून योजलेल्या यंत्रणा एकाच वेळी निकामी झाल्या, कारण त्यांच्या तारा शेजारी शेजारी होत्या. या एका मेणबत्तीतून जगभरच्या नियमावल्यांत सूत्र आले: पर्यायी यंत्रणांच्या केबली वेगळ्या ठेवा.

अठरा वर्षांनी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे काय झाले ते पाहावे. ३१ मार्च १९९३च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली. हायड्रोजन आणि तेल पेटले, आग केबलींच्या मार्गाने पसरली, नियंत्रण कक्षात धूर भरला आणि केंद्रातली सगळी वीज गेली. भट्टी चालकांनी तत्काळ बंद केली होती. पण बंद भट्टीही उष्णता देत राहते आणि ती थंड ठेवायला वीज लागते. सुमारे सतरा तास केंद्र विजेविना होते. त्या काळोखात काही माणसे हातातले दिवे घेऊन इमारतीच्या माथ्यावर चढली आणि बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेलच्या पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी चढवले गेले. देश एका मोठ्या संकटातून वाचला तो या माणसांच्या हातात आणि डोक्यात असलेल्या जाणतेपणामुळे.

परंतु हे संकट ओढवले का? अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष अ. गोपालकृष्णन यांनी नंतर जाहीरपणे लिहिले आहे की पात्यांच्या आराखड्यातील दोषाची सूचना मूळ परदेशी कंपनीने १९८९ मध्येच दिली होती. टर्बाइन बनवणाऱ्या भारतीय कंपनीने सुधारित आराखडेही तयार केले होते. त्यावर कार्यवाही झाली नाही. केबलींचे मार्गही पुरेसे वेगळे केलेले नव्हते. म्हणजे सूत्र उपलब्ध होते, पत्र उपलब्ध होते, आराखडे उपलब्ध होते. ज्ञान-व्यवस्थापनाच्या व्याख्येनुसार ज्ञान शंभर टक्के 'जतन' झालेले होते! ते कोणाच्या मनात जागे नव्हते, इतकेच. मेणबत्तीची लीळा ज्याने ऐकली आहे त्याला केबलींचा तो मार्ग पाहून अंगावर काटा येतो. ज्याने केवळ सूत्र वाचले आहे तो पुढच्या तपासणीच्या तक्त्यात एक खूण करतो.

आणि आपण नरोराच्या लीळेचे काय केले? काळोखात जिना चढलेल्या त्या माणसांची कहाणी त्यांच्या शब्दांत, त्यांच्या भाषेत, सांगोपांग नोंदवून अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ठेवायला हवी होती. ती आपल्याला तुटक ओळींतून, इतरांच्या लेखांतून ठाऊक आहे. असे का झाले, याचे उत्तरही महानुभावांच्या इतिहासातच आहे.

ज्या पंथात नागदेवाचार्यांनी शिष्यांचा संस्कृतचा आग्रह नाकारला, सामान्य बायाबापड्यांसाठी मराठी राखली, त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. त्यामागे श्रद्धा होती, भय होते, पावित्र्याची कल्पना होती. कारणे काहीही असोत. परिणाम असा झाला की मराठीतले आद्य गद्य मराठी माणसाच्या नजरेआड शतकानुशतके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी लिपीची उकल केली तेव्हा कुठे ते उजेडात येऊ लागले. मधल्या काळात त्या गद्याने मराठी भाषेला जे दिले असते ते आपण गमावले. ग्रंथ टिकले, परंपरा तुटली.

भारतीय अणुऊर्जेची सकळ लिपी म्हणजे गोपनीयता. १९६२च्या कायद्याचे कलम १८ माहितीच्या प्रकटीकरणावर निर्बंध घालणारे होते आणि त्याच्या छायेत सहा दशके गेली. गोपालकृष्णन यांच्याच म्हणण्याप्रमाणे १९९५ मध्ये नियामक मंडळाने सुरक्षेविषयीच्या सुमारे १३० मुद्द्यांची यादी तयार केली आणि ती गोपनीय ठरली. शत्रूपासून गुपिते राखावी लागतात, हे कोणीही नाकारत नाही. पण पात्याचा दोष आणि केबलीचा मार्ग ही शत्रूची गुपिते नव्हेत. ती उद्याच्या चालकाची शिदोरी आहे. शिदोरीवर कुलूप घातले तर काय होते ते सोव्हिएत संघाने दाखवून दिले. १९८३ मध्ये लिथुआनियातील इग्नालिना केंद्रात चाचण्यांच्या वेळी आढळले की त्या जातीच्या भट्टीत नियंत्रक दांडे खाली सोडताना, म्हणजे भट्टी बंद करतानाच, काही स्थितींत शक्ती क्षणभर वाढते. ही गोष्ट वरच्या वर्तुळात कळली. चालकांच्या शिक्षणात ती उतरली नाही. तीन वर्षांनी, २६ एप्रिल १९८६च्या रात्री, चेर्नोबिलमध्ये चालकांनी भट्टी बंद करण्याचे बटण दाबले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

आता खासगी कंपन्या येणार. सरकारी गुप्ततेची लिपी पुसट होईल असे ज्यांना वाटते त्यांनी व्यापारी गुप्ततेचा अनुभव आठवावा. एका लिपीवर दुसरी लिपी चढण्याचाच धोका अधिक आहे. स्पर्धेत उतरलेली कंपनी आपली चूक शेजाऱ्याला सांगत नाही, आणि या क्षेत्रात तर शेजाऱ्याची चूक हेच मुख्य पाठ्यपुस्तक आहे.

गुरु-शिष्य परंपरेचा गौरव करून इथे थांबणे सोपे आहे, आणि अणुऊर्जा खात्याजवळ त्या गौरवाला आधारही आहे. ट्रॉम्बेचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ मध्ये सुरू झाले. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा विमान अपघातात गेले, तरी कार्यक्रम थांबला नाही. कारण तोवर तयार माणसांच्या अनेक तुकड्या बाहेर पडल्या होत्या. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला, तरी राजस्थानातील दुसरी भट्टी १९८१ मध्ये चालू झाली. पुढे कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार, कैगा, तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या आणि पुन्हा काक्रापार अशी जड पाण्याच्या भट्ट्यांची मालिका फारसा खंड न पडता चालू राहिली. फ्रान्सने जे गमावले ते भारताने या एका शाखेत मोठ्या प्रमाणात राखले, ते सतत बांधत राहिल्यामुळे. हे श्रेय निःशंक मनाने द्यायला हवे. मात्र पहिल्या तुकडीतला बावीस वर्षांचा तरुण १९९५च्या सुमारास साठीला पोहोचला, आणि आज तो हयात असेल तर नव्वदीत आहे. त्याचे सांगणे ऐकून घेण्यासाठी आपल्याकडे फार वेळ नाही.

शिवाय गुरु-शिष्य परंपरेची दुसरी बाजू आपल्याला अनोळखी नाही. चिजा पोटात ठेवून गेलेले उस्ताद आपण ऐकले आहेत. परंपरा विद्या देते तशी अडवतेही. कोणाला शिष्य म्हणायचे ते ती ठरवते. या अडवणुकीची सर्वांत शुद्ध कल्पना एका चिन्हमीमांसकानेच मांडली, ही आपल्या शास्त्राची नाचक्की म्हणावी लागेल. किरणोत्सारी कचरा पुरलेल्या जागेची सूचना दहा हजार वर्षांनंतरच्या माणसांपर्यंत कशी पोहोचवावी, असा प्रश्न अमेरिकी शासनाने विचारला होता. भाषा बदलतील, लिप्या मरतील, मग काय टिकेल? थॉमस सेबिओक यांनी १९८४ मध्ये सुचवले की एक 'अणुपुरोहितवर्ग' निर्माण करावा. खरे ज्ञान त्याच्यापाशी राहील आणि बाकीच्यांना विधी व दंतकथा यांच्या योगाने त्या जागेपासून दूर ठेवले जाईल. महाराष्ट्राला या सूचनेचे नावीन्य वाटू नये. मूठभरांपाशी विद्या आणि बाकीच्यांपाशी भय, ही व्यवस्था आपण भोगलेली आहे. तिच्याविरुद्धच ज्ञानेश्वरांपासूनची आपली वाङ्मयपरंपरा उभी आहे. पुरोहितवर्ग विद्या जपतो तो आपले स्थान जपण्यासाठी. काही पिढ्यांनी मंत्र उरतो आणि अर्थ जातो, हेही आपण पाहिले आहे.

'आम्हांला अणुऊर्जाच नको, मग तिच्या विद्येची चिंता कशाला?' असे म्हणणाऱ्या मित्रांना एक उत्तर द्यायला हवे. जर्मनीने आपल्या अखेरच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद केल्या. त्यानंतरही भट्ट्या उकलण्याचे काम अनेक वर्षांचे आहे, आणि जळालेले इंधन कायमचे पुरण्याची जागा त्या देशाला अजून ठरवायची आहे. म्हणजे नकार द्यायलाही जाणकार लागतात, आणि ते अशा क्षेत्रात टिकवायचे आहेत ज्यात तरुणांना भविष्य दिसत नाही. अणुऊर्जेला होकार द्या वा नकार. तिची विद्या विसरण्याचा पर्याय मात्र आता कोणाजवळच उरलेला नाही. जैतापूरची लढाई जिंकली तरी तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचा वारसा आपल्याच किनाऱ्यावर आहे. १९६९पासूनच्या या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. देशात त्या जातीच्या दुसऱ्या नाहीत. मालिका असलेल्या जातीची विद्या मालिकेतून टिकते. या दोघींची विद्या ज्यांनी त्या चालवल्या, दुरुस्त केल्या त्यांच्यापाशीच आहे. त्यांतले फिटर, वेल्डर, रिगर, कंत्राटी मजूर यांना कोणी प्रश्न विचारणार आहे की नाही? पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे तारापूरच्या विस्तारासाठी उठवली गेली. त्या गावांतल्या माणसांनी केंद्राविषयी जे पाहिले आणि भोगले तेही या विद्येचाच भाग आहे, कारण यंत्र कसे वागते इतकेच जाणकाराला ठाऊक असून भागत नाही. ते कोणाच्या अंगणात उभे आहे हेही त्याला ठाऊक असावे लागते.

तेव्हा मागणी काय? पहिली मागणी शासनाकडे आणि आता कंपन्यांकडेही: दुर्घटना आणि थोडक्यात टळलेल्या दुर्घटना यांचे वृत्तान्त, प्रसंगासकट, कोणी काय पाहिले आणि काय केले यासकट, ठरावीक मुदतीत उघडे करा. चूक सांगणाऱ्याला संरक्षण द्या. अनुकारक यंत्रावर, म्हणजे सिम्युलेटरवर, चालकांना सराव दिला जातो हे उत्तम आहे. पण त्या यंत्रात जे प्रसंग घातलेले नाहीत ते ते शिकवू शकत नाही, आणि प्रसंग घालायचे तर ते आधी कोणीतरी सांगितले पाहिजेत. कौशल्य टिकवायचे असेल तर कामाची मालिका तुटू देऊ नका. जुना कारागीर आणि नवा कारागीर काही वर्षे एकाच कामावर शेजारी शेजारी उभे राहतील एवढा खर्च सोसा. तो वायफळ वाटत असेल तर फ्लामांव्हिलचा हिशेब पुन्हा वाचा.

दुसरी मागणी आपल्याकडे. मौखिक परंपरा, पाठभेद, संहितेची चिकित्सा, निवेदकाची विश्वसनीयता हे विषय आपण वर्षानुवर्षे शिकवतो. एकाच रात्रीविषयी तीन चालकांच्या तीन आठवणी आल्या तर त्यांचे काय करायचे हे अभियंत्याला शिकवलेले नसते. तो त्यांची सरासरी काढू पाहतो. आपल्याला त्या तिन्ही 'वासना' जपायला शिकवलेले आहे. पण मराठीच्या किती विभागांनी ट्रॉम्बे-तारापूरमधून निवृत्त झालेल्या एखाद्या तंत्रज्ञाकडे विद्यार्थी पाठवला? दलित, ग्रामीण, कामगार अशा अनुभवविश्वांनी मराठी गद्य समृद्ध झाले असे आपण अभिमानाने सांगतो. अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसलेला माणूस मात्र आपल्या वाङ्मयाच्या नकाशावर नाही. त्याच्या कामाची मराठी कशी आहे, तो झडपेच्या आवाजाला काय म्हणतो, नळीच्या कंपावरून त्याला काय कळते, याची नोंद कोणत्याही परिभाषाकोशात सापडणार नाही. 'अणुभट्टी' हा सुंदर शब्द आपण घडवला. त्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे आपण ऐकले नाही.

विज्ञानाचे विधान व्यक्तिनिरपेक्ष असते, त्याला कथेची गरज नाही, असा आक्षेप येईल. विखंडनाचे समीकरण खरोखरच व्यक्तिनिरपेक्ष आहे. ते कोणीही केव्हाही पुन्हा शोधू शकेल. परंतु समीकरणाने वीज निर्माण होत नाही. ती निर्माण होते विशिष्ट नळ्यांतून, विशिष्ट जोडांतून, विशिष्ट माणसांच्या सवयींतून. आणि या सवयी पुन्हा शोधायच्या तर प्रत्येक वेळी किंमत मोजावी लागते, कधी अब्जावधी युरोंत, कधी माणसांच्या जिवांत.

म्हाइंभट हिंडला तेव्हा त्याच्यापाशी ध्वनिमुद्रक नव्हता, अनुदान नव्हते, विद्यापीठाचे पत्र नव्हते. सांगणारी माणसे फार दिवस राहणार नाहीत एवढे भान मात्र त्याला होते. आपल्यापाशी बाकी सारे आहे. ते भान आपल्याला कधी येणार?